केळव्याचं पोर कोणाच्या नावे

मी, वासुदेव नारायण चुरी, वय चौपन्न, धंदा जुन्या रणभूमी उकरणे व त्यावर लिहिणे, राहणार सालवड, बोईसर, पूर्ण शुद्धीवर आहे. पुरावा हवा असल्यास: खिडकीखालच्या रसवंतीची घुंगरं सकाळपासून वाजत आहेत आणि मला प्रत्येक घुंगराचा स्वतंत्र राग येतो आहे. बेशुद्ध माणसाला एवढं जमत नाही. परवा माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया, म्हणून हे आज लिहितो. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव आणावा इतकं कोणाला मिळायचंही नाही.

१. सालवडचं घर व बँकेतली शिल्लक पत्नी अर्चना हिला. लग्नानंतर तिला फिरायला म्हणून जिथे जिथे नेलं, तिथे पूर्वी कोणीतरी कापलं गेलं होतं. ही त्याची भरपाई नव्हे. तेवढी माझी ऐपत नाही.

२. केळव्याच्या वाडीतला माझा हिस्सा थोरले बंधू दिनानाथ यांना. तिथे मी खड्डे घेतले आणि त्यांच्या पोफळी गेल्या. "मेलेल्यांना वर काढतो नि जित्या झाडांना मारतो," असं ते गावभर सांगतात. माझ्या सगळ्या निबंधांपेक्षा हे वाक्य जास्त लोकांना पाठ आहे. हिस्सा घ्यावा, अबोला यावच्चंद्रदिवाकरौ चालू ठेवावा.

३. धातू शोधायचं यंत्र विद्यापीठातल्या माजी विभागप्रमुखांना. स्वतःच्या डोक्यावरून एकदा फिरवावं. आत काही असल्याचं यंत्राने सांगितलं, तर त्यांच्याविषयीचं माझं मत मी मरणोत्तर मागे घेईन.

४. पलंगाखालची पत्र्याची ट्रंक. वाडीतल्या त्याच खड्ड्यांत मला पोर्तुगीज फिरंग्यांशी लढून पडलेली आपली माणसं सापडली, आणि त्यांच्यात सहा-सात वर्षांचं एक पोर. गावाने मोठ्यांची हाडं वाजतगाजत नेली, चौथरा बांधला. स्मारक समितीचे अध्यक्ष प्रताप राऊत पोराकडे बघून म्हणाले, "सर, वीरांच्यात पोर कशाला?"

मी त्याच्या बरगडीतली गोळी दाखवली. फिरंग्यांच्या गोळ्या साच्यातल्या, गुळगुळीत. ही आपल्याकडची, ठोकून गोल केलेली. आपल्याच कोणीतरी झाडलेली.

प्रतापरावांनी चहा संपवला. "मग तर अजिबातच नाय."

संग्रहालयाने जागा नाही म्हणून कळवलं. दिनानाथदादांनी वाडीत परत पुरू दिलं नाही. तेव्हापासून पोर माझ्या पलंगाखाली आहे. अर्चना एकदाच बोलली, "तुम्ही आहात तोवर राहू दे. नंतर मी नाही हो त्याला सांभाळणार."

ट्रंक प्रतापरावांना द्यावी असं फार मनात होतं, पण त्यांचं तोंड बघायला मी नसणार, आणि ते ती खाडीत सोडतील. वकील म्हणतात, नावाची जागा कोरी नको. म्हणून अर्चनाच्या नावे. ती नाही म्हणालेली आहे, हेही इथे नमूद.

स्थळ : सालवड. दिनांक : ११ फेब्रुवारी २०२५.
सही : वा. ना. चुरी

साक्षीदार :
जिवल्या रामू, मासवण, खोदकामातले सोबती (अंगठा)
मंजुळा सावे, शेजारीण (सही)

सहीखाली लिहिलेलं कायदा धरत नाही, म्हणून इथे लिहितो. परवा मी उठलो नाही, तर त्या पोराला कोणी ठेवून घेणार नाही, याची मला भीती वाटते.