माझ्या फ्लॅटपुढचा एक

गुरुवार, संध्याकाळ. लालबाग.

आमच्या टॉवरचे सेक्रेटरी सावंतकाका सकाळी लिफ्टमध्ये म्हणाले, "तू कॉम्प्युटरवाली ना गं? कोणाकडे जास्त पाहुणे येतात ते काढून दे. गेस्ट पार्किंगचं भांडण एकदाचं मिटू दे." गेटवर वॉचमन पाहुण्यांच्या एन्ट्र्या मोबाइलवर करतो, त्या सगळ्या त्यांनी पाठवल्या.

कॉम्प्युटरला विचारायची क्वेरी सोपी होती. सगळे फ्लॅट घ्यायचे, त्यांना एन्ट्र्या जोडायच्या, मोजायच्या, नंबर लावायचे. पहिले परब. असणारच, घरात बाळ आहे. माझा फ्लॅट यादीच्या तळाला, पण पुढे एक. एक! कोण आलं असेल? मी ऑफिसात असताना मावशी येऊन गेली की काय? फोनच केला तिला.

"अगं, जिना उतरवत नाही मला. येतेय कुठली!"

मग चूक दिसली. एन्ट्र्या जोडल्या की ज्यांच्याकडे कोणीच आलं नाही त्यांचीही एक ओळ येते. फ्लॅटचा नंबर, पुढे सगळं रिकामं. मी ओळी मोजल्या होत्या, म्हणून ती रिकामी ओळही एक धरली गेली. ऑफिसात नव्यांना हीच चूक दाखवून देते मी, आणि आज स्वतः...

पाहुण्यांची नावं मोजायला लावल्यावर माझ्या एकाचं शून्य झालं. सातव्या मजल्यावरच्या नाईक आजींच्याही.

सावंतकाकांना पहिलीच, चुकलेली यादी पाठवली. आमच्या दोघींच्या एकेका पाहुण्याला कुठे पार्किंग लागणार आहे?