पंपातले फवारे

१२ सप्टें. २००३, डिंगोरे
दम्याचा पंप संपला! जुलैत घेतलेला. दोनशे फवारे असतात त्यात, आणि मी ओढलेल्या प्रत्येक फवाऱ्याची रेघ या वहीच्या मागच्या पानावर असते. आज मोजल्या. एकशे सहा. बाकीचे काय हवेत गेले? शाळा सुटल्यावर तशीच ओतूरला गेले आणि मेडिकलवाल्याला चार गिऱ्हाइकांदेखत झाडला. तो म्हणाला, "बाई, सीलबंद माल हाय. मी काय आदी फवारे मारून मग इकतो व्हय?" सगळे हसले. नवा घेऊन आले.

२१ सप्टें.
मढला बायकांची बैठक. आरोग्य केंद्रातल्या डॉ. बाई दमा म्हणजे काय ते सांगतात, मी पंप घेऊन दाखवते. हलवा, श्वास सोडा, ओठ घट्ट, ओढा, मनात दहा मोजा. शेवटी माझं नेहमीचं, "लपवू नका. लपवलात तर जिवावर बेतेल."
एक म्हातारी म्हणाली, "पंपाची सवय लागती म्हन्त्यात." म्हटलं, "आजी, भाकरीची पण लागते."
आमचे हे पोस्टर धरून पुढं उभे. टाळ्याही यांच्याच आधी. गाडीवर येताना म्हणाले, "आज लई भारी बोललीस." बरं वाटलं, खोटं का लिहू.
हाच माणूस! लग्न ठरवताना आईनं माझा दमा लपवला. पहिल्याच मळणीला बाजरीच्या भुसानं मी खळ्यातच खाली बसले. पुढं दहा वर्षं ऐकलं, "तुझ्या आईनं फसवलं मला." आईची बाजू कधी घेतली नाही, कारण फसवलंच होतं.

९ ऑक्टो.
बाजरीचं मशीन लागलेलं. शाळेतून आले तर सोनल खळ्यावर नाही. एकुलती एक लेक, वीस पूर्ण झाली परवा. कांद्याच्या चाळीमागं पाठमोरी उभी होती. हातात माझा पंप.
हलवला. श्वास सोडला. ओठ घट्ट. ओढला. दहा मोजले असणार. एक चूक नाही.
"कधीपासून?"
"उन्हाळ्यापासून."
"आणि मला का..."
"पप्पा म्हणाले आईला सांगू नको. ती गावभर करील."

१० ऑक्टो.
यांनी नाकारलंसुद्धा नाही. "निमगाव सावाचं स्थळ चालून आलंय. तुला नोकरी व्हती म्हणून तुझं खपलं. तिचं कोण खपवून घेईल? लग्न होऊ दे, मग दाखवू डॉक्टरला."
म्हणजे तोवर तपासणी नाही, औषध नाही, आईचा पंप चोरून ओढायचा. नुसत्या त्या फवाऱ्यावर राहू नका, आतली सूज तशीच राहते, हे मी मढला घसा फोडून सांगते. काखेत कळसा, गावाला वळसा. आणि त्या टाळ्या? मला चिडवत होता की काय हा माणूस?
मेडिकलवाल्याची माफी मागायची राहिली.

१६ नोव्हें.
डॉ. बाईंकडे सोनलला नेते म्हटलं की घरात भांडण. महिना गेला असाच. आज निमगाव सावाचे पाहुणे आले. मुलगा बरा. त्याची आई मोकळी, बोलकी. पोहे खाता खाता मला म्हणाली, "बाई, तुमचं लई ऐकलंय. माझी नणंद व्हती मढला. पोरीला तसलं काय न्हाई ना?"
प्रेमानंच विचारलं तिनं. हे खिडकीबाहेर बघायला लागले. सोनल माझ्याकडे.
मी म्हणाले, "पोहे घ्या ना अजून."

१७ नोव्हें.
मुलगी पसंत. यांनी पेढे आणले. सोनलनं हात लावला नाही. भांडी घासताना म्हणाली, "पप्पांचं मला माहीतच होतं. तू बोलशील असं वाटलं होतं."
एवढंच. आणि मी महिनाभर समजत होते की फसवणूक माझी झालीय.
आईनंही तेव्हा पोहेच पुढं केले असतील. तिची आठवण आली. रडले.

२२ नोव्हें.
उद्या बैठक निमगाव सावाला. डॉ. बाईंनी दिवाळीआधीच ठरवलेली. मुलाची आई पहिल्या रांगेत असणार. हे म्हणाले, "मी काय येत न्हाई. तू बी आजारी म्हणून कळव."
कळवलं नाही. पिशवी भरली. पोस्टर, पंप, पाण्याची बाटली. सोनल दारात येऊन उभी राहिली.
"मी येऊ?"
"ये."
सकाळच्या एस.टी.नं जायचं. उद्या काय बोलायचं ते लिहून घ्यावं म्हणून बसले. 'लपवू नका' एवढं लिहून झालंय. पुढं