देवाचा कौल आणि आमचे सोवळ्याचे स्वयंपाकघर

कल्याण, दि. २८ ऑगस्ट १९५४

ती. राघोपंत यांच्या चरणी नीलकंठाचा साष्टांग नमस्कार. भर पावसाळ्यातही आपला दमा आटोक्यात असल्याचे वाचून समाधान वाटले. आपली भगिनी सौ. कमळाबाई माहेरपण सुखाने भोगत असेलच. ती येत्या गुरुवारी परतणार असल्याचे आपण कळवलेत, म्हणून हे पत्र तातडीने लिहीत आहे. कारण सविस्तर निवेदन करतो.

उल्हास नदीच्या पुरात शहाडकडची तेरा घरे गेली. आमच्या देवस्थानच्या पूरसाहाय्य समितीचा मी चिटणीस (भाषणे अध्यक्ष करतात, बाकी सर्व मी). तेरा कुटुंबांना तेरा भक्तांच्या घरी ठेवायचे ठरले. कोणाचा आहार काय, कोणाची चूल कशी, हे पडताळून मी निर्दोष तक्ता तयार केला. अध्यक्षांनी तो न वाचताच बाजूला सारला. म्हणाले, "देवालाच विचारू." आमच्याकडे मूर्तीला दोन ओली फुले चिकटवून कौल लावतात, उजवे आधी पडले तर होय, डावे पडले तर नाही. यजमानांपैकी अध्यक्षांचे मेहुणे आधीच पळवाट शोधत होते, म्हणून ‘मिळालेला कौल कोणत्याही कारणास्तव बदलता येणार नाही’ हा नियम क्रमांक सात मी स्वतः घालून घेतला. शिवाय उदाहरण म्हणून यजमानांत पहिले नाव माझेच घातले. गुणाजी गुरवाने विचारले, "ठमाबाईचं बिऱ्हाड नीळकंठरावांकडे?" उजवे फूल तत्काळ पडले. इतिवृत्तात तशी नोंद मलाच करावी लागली.

ठमाबाई म्हणजे साठीच्या विधवा, दोन मुलगे, एक सून, सहा कोंबड्या आणि सुक्या बोंबलांची एक टोपली (पुरातून भांडी गेली, टोपली वाचली!). ज्या स्वयंपाकघरात सोवळे नेसल्याखेरीज मलाही प्रवेश नाही, तिथे पहिल्याच दिवशी बोंबील भाजले गेले. मी दारातून म्हणालो, "बाई, ही सोवळ्याची चूल आहे!" त्या म्हणाल्या, "मंग बरा हाय, चूल सवच्छ हाय. बस रं भाऊ, नुसत्या वरनावर मानूस सुकंल." नियमावलीच्या फायलीवर एक कोंबडी अंडी उबवीत बसली आहे. नियम क्रमांक सात पुन्हा वाचावयास गेलो, तर माझ्या बोटाला चोच मारली.

आता पाणी ओसरले. शहाडला ठमाबाईंच्या घराच्या जागी गुडघाभर चिखल आणि एक उंबरठा उरला आहे. तरी अध्यक्षांना समिती गुंडाळण्याची घाई. ‘पूरग्रस्तांनी आताच परत जावे काय?’ असा कौल काल लावला. डावे फूल पडले! आता दसऱ्यापर्यंत सर्वांचा मुक्काम आहे तिथेच. देवापुढे चिटणिसाचे काय चालणार?

आपला आज्ञाधारक,
नीलकंठ गोविंद दातार, बी. कॉम.

ता. क. सौ.ला दसऱ्यापर्यंत तिथेच ठेवून घ्यावे. त्यासाठी आपला दमा पुन्हा उसळल्यास उपकार होतील.

ता. क. तिने खोदून विचारलेच, तर देवाचा कौल आहे असे सांगावे. कौल ती मोडणार नाही. स्वयंपाकघरात कसलाही वास येत नाही, असेही सांगावे. मला तरी हल्ली येत नाही.

ता. क. हे पत्र वाचून जाळावे. काल गुणाजी तापाने पडला होता, म्हणून फुले मी लावली. डावे पाण्याने, उजवे कचेरीतल्या डिंकाने. उजवे आज सकाळपर्यंत पडलेले नाही आणि दर्शनाला रांग लागली आहे.