विक्रम सरांचा फोन आला तर

मुलुंड (पूर्व), ७ जुलै २०२५

चि. लवूस, जानकीआक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

सत्तावन्न वर्षांच्या, टक्कल पडलेल्या माणसाला चिरंजीव लिहिताना हसू येतं, पण धाकटा तो धाकटाच. पत्र बघून घाबरू नकोस, कुणी गेलेलं नाही. फोन करत नाही याचं कारण फोन आता माझा राहिलेला नाही. हातात घेतला की वाजतो, आणि पलीकडे ओळखीचं माणूस नसतं, वसुलीवाला असतो. पहिल्या आठवड्यात मला मॅडम म्हणायचे, मग आंटी झाले, आता ए बाईवर आलेत. त्यांच्यातला सगळ्यात रुबाबदार तो विक्रम सर. सर हे तो स्वतःच स्वतःला म्हणतो. कधी राजीव सर होऊन बोलतो, पण नाकात बोलायची सवय तीच. परवा म्हणाला, पोलीस तुमच्या बिल्डिंगच्या खाली उभे आहेत. मी म्हटलं, वर येताना त्यांना कोथिंबिरीची जुडी आणायला सांगा, मला गुडघ्यामुळे पुन्हा पुन्हा जिने उतरवत नाहीत. फोन आपटला मेल्यान.

आता खरं ते ऐक. इमारत पाडायला घेतली तेव्हा पोळी-भाजी केंद्राचा गाळा गेला, हे तुला माहीत आहे. नव्या गाळ्यासाठी मी एका फायनान्स कंपनीकडून कर्ज घेतलं, तिचा हप्ता भरायला दुसरीकडून, आणि दुसरीचा भरायला मोबाइलवरच्या ॲपवरून. हे माझंच शहाणपण, त्याचा दोष मी कुणाला देत नाही. गिऱ्हाईक परत आलं नाही आणि मार्चमध्ये मी चुली बंद केल्या. आता कोर्टात नादारीचा अर्ज करणार आहे. माझ्याकडे आहे ते सगळं कोर्टापुढे ठेवायचं, आणि देणं फिटण्यासारखं नाही हे सरळ सांगायचं. चेतना म्हणून एक तरुण वकील आहे, कमी बोलते आणि पैसेही कमी घेते. कागद जुळवायला तिला काही आठवडे लागतील.

तिने एक गोष्ट बजावून सांगितली आहे आणि ती तुझ्यासाठीच आहे. तोवर घरातल्या कुणीही माझ्या वतीने पैसे भरायचे नाहीत आणि कसल्याही कागदावर सही करायची नाही. जो सही करील त्याच्या मानेवर ते माझ्या जागी बसतील, आणि माझी सुटका होऊन तो अडकेल. लवू, तुझा चेहराच सही करणाऱ्याचा आहे, म्हणून आधी लिहिते.

चि. सौ. शुभास आशीर्वाद. माझ्यावर राग धरलास तरी चालेल, लोभ सोडू नकोस.

तुझी आक्का

•

बोरिवली (पश्चिम), १२ जुलै २०२५

ती. जानकीआक्कास, लवूचा शि. सा. न. वि. वि.

पत्र पोचले. वाचून शुभाने जेवणाचे ताट सारले. आपल्या घरात आजवर नादार हा शब्द कुणी उच्चारला नव्हता. आबा गिरणीच्या संपातसुद्धा वाण्याची उधारी चुकवायचे, त्यासाठी त्यांनी सायकल विकली. आणि तू वसुलीवाल्यांना कोथिंबीर आणायला सांगतेस. असल्या बोलण्याने देणे फिटत नाही, आक्का. लोक आपल्याकडे कसे बघतील याचा तू एकदा तरी विचार केलास का? त्या माणसांशी नीट बोलून काहीतरी तडजोड करता येईल, असे मला वाटते. आपण सभ्यपणे वागलो तर समोरचाही सभ्यपणे वागतो.

मी सध्या आपल्या गावच्या मंडळाच्या कामात बुडालो आहे. गणपतीला गावी जायच्या जादा गाड्यांचे बुकिंग चालू झाले आहे आणि काशीराम अध्यक्ष असूनही सगळा भार खजिनदारावर, म्हणजे माझ्यावर. या वेळी मात्र नशिबाने एक चांगला माणूस भेटला. परवा एका गृहस्थांचा फोन आला. ग्रुप बुकिंगचे काम बघतो, म्हणाले. आपल्या गावाचे, वाडीचे नाव त्यांना बरोबर माहीत होते. सगळ्या सभासदांची नावे, पत्ते आणि फोन नंबर पाठवलेत तर एकेकाला फोन करून जागा पक्क्या करतो, म्हणाले. मी लगेच मंडळाची पूर्ण यादी व्हॉट्सॲपवर पाठवली. बोलणे किती मृदू, प्रत्येक वाक्यात साहेब. अशी माणसे अजून आहेत म्हणून जग चालले आहे.

तब्येतीस जप. तुझा लोभ आहे तो वाढावा, आणि थोडी नम्रताही वाढावी.

तुझा लवू

•

मुलुंड (पूर्व), १९ जुलै २०२५

चि. लवूस, अ. उ. आ.

तुझ्या त्या मृदू गृहस्थाचं नाव विक्रम.

तू ज्यांची नावं नंबरासकट त्याला बहाल केलीस, त्या सगळ्यांना त्याचे फोन गेले. एकाही गाडीत एकही जागा पक्की झाली नाही. मानखुर्दची नीला धावत आली. तिला तसाच नाकात म्हणाला, तुमच्या गावची जानकी लोकांचे पैसे घेऊन पळाली आहे, कुठे लपली असेल ते सांगा. नीलाने त्याला सांगितलं, की पळायला तिचे गुडघे कुठे चालतात, पाच वाजता सोसायटीच्या बाकावर बसलेली असते, ये भेटायला. एवढं एकच शहाणं माणूस तुझ्या यादीत निघालं. बाकीच्यांनी त्याचं सगळं ऐकून घेतलं, त्याला दुजोरा दिला, आणि मग मला फोन करायचा सोडून एकमेकांना केले. काशीरामने तर म्हणे त्याचे आभार मानले, वेळेवर सावध केलंत म्हणून.

लवू, तुझ्यावर ओरडायला हवं, पण ओरडवत नाही. जादा गाडी म्हटलं की आपला कोकणी माणूस आईचं नावसुद्धा सांगून टाकील. त्या विक्रमला अक्कल नसेल, पण हे त्याने बरोबर ओळखलं. गावाचं नाव आणि तुझा नंबर त्याला माझ्या कर्जाच्या अर्जात मिळाले. मला चीड येते ती याची, की असल्याला तू चांगला माणूस म्हणालास आणि मला नम्रता शिकवतोस.

आता तरी लक्षात ठेव. पैसे नाहीत, सही नाही. चेतनाचे कागद निम्मे झालेत.

आक्का

•

बोरिवली (पश्चिम), २७ जुलै २०२५

ती. आक्कास शि. सा. न. वि. वि.

चूक झाली. ती कबूल करून मी मंडळाची सभा बोलावली. घाटकोपरच्या शाळेच्या हॉलमध्ये काल जमलो. एरवी सभेला कोरम भरत नाही, काल खुर्च्या कमी पडल्या. काशीराम उभा राहून म्हणाला, की मंडळाला नाव आहे, आणि ज्या बाईमुळे आपल्या लेकीसुनांना असले फोन येतात तिला यंदा मंडळाच्या गाडीत जागा नको. तुझे नाव घ्यायचीसुद्धा त्याला लाज वाटत होती. बाया खाली बघत होत्या, पुरुष माना डोलवत होते. एक जण म्हणाला, लवूशेट, मनाला लावून घेऊ नका, पण नियम तो नियम. असला नियम कुठे आहे, ते मला विचारता आले नाही. मी गप्प बसलो, आक्का. खजिनदाराच्या खुर्चीत, सगळ्यांच्या समोर.

तो विक्रम मला रोज फोन करतो. शिवी देत नाही, हळू आवाजात बोलतो. काल म्हणाला, साहेब, तुमची बहीण या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढणार आणि तुम्ही बघत बसणार, तुम्ही कसले भाऊ? तेव्हापासून अन्न गोड लागत नाही. त्याचे म्हणणे चूक आहे का? आबा असते तर त्यांनी हेच विचारले असते.

म्हणून मी ठरवले आहे. गुरुवारी अंधेरीला त्यांच्या ऑफिसात जाणार आहे. स्वेच्छानिवृत्तीचे पैसे बँकेत ठेवले आहेत, त्यातले निम्मे आत्ता भरायचे आणि उरलेल्यासाठी माझी सही द्यायची, असे त्याने सुचवले आहे. शुभाला सांगितले. तिने पासबुक काढून टेबलावर ठेवले आणि ती आत गेली. तू काहीही म्हण, मला हे केल्याशिवाय चैन पडणार नाही.

तुझा लोभ राहो न राहो, मी तुझा भाऊच आहे.

लवू

•

मुलुंड (पूर्व), २९ जुलै २०२५

लवू,

आशीर्वाद राहू दे. स्पीड पोस्टाने पाठवते आहे, वेळेत मिळो.

अंधेरीला जाऊ नकोस. तुला फोन लावायला मी मुद्दाम मोबाइल चालू केला, तर तुझाच बंद. बंद का आहे ते मला कळतं, पण बंद फोनला घाबरणारा माणूस त्या फोनवाल्याच्या दारात आपल्या पायांनी चाललाय, याला काय म्हणायचं? तुझे निम्मे पैसे ते व्याजात आणि दंडात गिळतील आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्यासाठी तुझ्या दारात उभे राहतील. मग मी नादार होऊन मोकळी होणार आणि शुभा तुझ्याबरोबर फोन उचलत बसणार. तिने पासबुक टेबलावर ठेवलं ते तू घे म्हणून नाही, तू कसा घेतोस ते बघायला. एवढंही तुला कळत नाही.

काशीरामचं म्हणशील, तर त्याच्या मुलाच्या लग्नाला माझी मोठी पातेली नेली होती, ती झाकणांशिवाय परत आली. झाकणं अजून त्याच्या माळ्यावर आहेत. तो मला मंडळाची इभ्रत शिकवणार आणि तू त्याच्यापुढे मान खाली घालणार.

पैसे माझे, मी घेतले, मी खर्चले. त्याचा निकाल मी माझ्या नावाने लावीन. त्यात तुझं नाव घुसवलंस तर माझ्या दारात येऊ नकोस. हे रागाने लिहिलेलं नाही, विचार करून लिहिलंय.

आक्का

•

बोरिवली (पश्चिम), २ ऑगस्ट २०२५

ती. आक्कास, लवूचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र शुक्रवारी आले. मी गुरुवारी जाऊन आलो होतो. सही केलेली नाही. हे आधी लिहितो, नाहीतर तू पुढचे वाचणार नाहीस.

ऑफिस म्हणजे एका जिमच्या वरचा मजला. वजने आपटली की खालून लादी हादरते. आत ओळीने टेबले, कानाला हेडफोन लावलेली मुलेमुली, आणि प्रत्येक जण कुणाच्या तरी आईला किंवा सासऱ्याला दम देत होता. मला बाकावर बसवले. विक्रम सर म्हणजे एक हडकुळा इसम, पायात रबरी चपला, समोर अर्धा वडापाव. तो फोनवर होता, म्हणून मी थांबलो. कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होता. म्हणाला, साहेब, तुमची बहीण या वयात कोर्टाच्या पायऱ्या चढणार आणि तुम्ही बघत बसणार, तुम्ही कसले भाऊ?

मी वर बघितले. त्याच्या टेबलासमोर भिंतीवर एक कागद चिकटवला होता. वरती भाऊ, खाली मुलगा, त्याखाली सासरा, आणि प्रत्येकासाठी बोलायची वाक्ये. इंग्रजी अक्षरांत मराठी. माझे वाक्य पहिलेच होते. ज्या वाक्याने मी पाच दिवस नीट जेवलो नाही, ते तो वडापाव खाता खाता भिंतीवरून वाचत होता. आणि मी त्यात आबांचा आवाज ऐकला होता.

त्याने हसत कागद पुढे केला, इथे सही करा साहेब, म्हणाला. मी विचारले, तुम्हाला बहीण आहे का? त्याचा चेहरा एकदम पडला. म्हणाला, साहेब, पर्सनल बोलू नका. दिवसभर लोकांच्या बहिणी काढून पोट भरणारा माणूस मला असे सांगतो. मी चेकबुक खिशात टाकले आणि निघालो. पाठीमागून तो ओरडत होता, पण त्याला तरी काय नवे सुचणार? जिन्यात मला इतके हसू आले, की जिममधला एक पैलवान बाहेर येऊन बरे वाटते ना, असे विचारून गेला.

काल तुझे पत्र वाचून सरळ काशीरामकडे गेलो. खजिनदारपदाचा राजीनामा दिला. जिच्यासाठी गाडीत जागा नाही तिचा भाऊही त्या गाडीने जाणार नाही, असे सांगितले. तो म्हणाला, इतकं काय लवू, नियम तो नियम. मी म्हटले, असला नियम मंडळाच्या घटनेत नाही, ती मीच लिहिली आहे, आणि माळ्यावरची झाकणे खाली काढ. त्याची बायको आतून ऐकत होती. तीन झाकणे मिळाली, एकाला पोचा आला आहे.

शुभाने गुरुवारीच पासबुक परत कपाटात ठेवले आणि सोलकढी केली. माझ्यावरचा लोभ कमी झाला असेल तर तो भरून काढायला मी तयार आहे, हप्त्याने नव्हे.

तुझा लवू

•

मुलुंड (पूर्व), १९ ऑगस्ट २०२५

चि. लवूस आणि चि. सौ. शुभास, जानकीआक्काचे अनेक आशीर्वाद.

काल कोर्टाने मला नादार ठरवलं. चेतना म्हणाली, अभिनंदन म्हणायचं की नाही ते मला दर वेळी कळत नाही. माझ्या मोठ्या शेगड्या, कणीक मळायचं यंत्र आणि बँकेत उरलेली चिल्लर, सगळं आता कोर्टाच्या अधिकाऱ्याच्या हातात. त्याने यंत्राकडे बघून हे चालतं का विचारलं, तेव्हा मात्र जरा गलबलून आलं. त्यावर मी निम्म्या मुलुंडच्या पोळ्या केल्यात.

विक्रमचा एकदा फोन आला. त्याला हुकमाचा क्रमांक सांगितला आणि यापुढे कोर्टाशी बोला म्हटलं. सर, मॅडम, काही न म्हणता ठेवून दिला. तेव्हापासून शांतता आहे. मंडळाच्या लोकांचेही फोन नाहीत, त्यांना आता चर्चेला दुसरं कुणी सापडलं असेल. सापडू दे. काशीरामची कीवसुद्धा येत नाही, एवढा तो माझ्या मनातून उतरलाय.

तुला एक सांगायचं होतं. तू अंधेरीला गेलास म्हणून मी शिव्या घातल्या, आणि परत गेलास तर परत घालीन. सही केली असतीस तर खरंच दार उघडलं नसतं. पण एवढ्या मोठ्या गोतावळ्यात माझ्यासाठी चेकबुक घेऊन निघालेला तू एकटा. कुणी निघालंच नसतं, तर मला वाईट वाटलं असतं. हे पुन्हा कधी बोलून दाखवणार नाही, तेव्हा वाचून घे.

चतुर्थी पुढच्या बुधवारी आहे. चेतनाला विचारलं, नादार बाईला गणपतीला गावी जाता येतं का. कोर्टाची तारीख नसेल तर खुशाल जा, म्हणाली. मंडळाची गाडी गेली खड्ड्यात. बोरिवलीहून साध्या एसटीची तीन तिकिटं काढ, मला खिडकीची जागा, शुभाला माझ्या शेजारची. माझ्या तिकिटाचे पैसे तू भर. तेवढे मी घेईन.

लोभ होता, आहे, त्याची काळजी नको.

तुमची आक्का