सहाही आवाज आले

प्रिय काइपो,

तुझा पत्ता तुझ्या आईनं सहजासहजी दिला नाही. "त्याला कशाला लिहितेस, नोहेआ? सुखात आहे तो तिकडे," असं म्हणत तिनं आधी भांडी घासली, मग ओटा पुसला, आणि मी काही उठत नाही हे बघून शेवटी सांगितला. लास वेगासमध्ये समुद्राशिवाय तुला झोप कशी लागते, ते मात्र तिलाही ठाऊक नव्हतं. इथे बरं चाललंय. तुझ्या सोलोमामानं लावलेला आंबा यंदा लगडलाय. माझे गुडघे कुरकुरतात, पण डोळे शाबूत आहेत, म्हणून वाचन चालू आहे.

त्या वाचनामुळेच एक काम गळ्यात पडलं. येत्या ऑगस्टमध्ये आपल्या होनोकाउपू होडी क्लबला पन्नास वर्षं होतात. मेजवानीत क्लबचा इतिहास वाचून दाखवायचा आहे. मर्टल सगळ्यांसमोर म्हणाली, "नोहेआ लिहील." मी म्हटलं, बाई गं, आठवीत शाळा सोडून अननसाच्या कारखान्यात उभी राहिलेली मी. तर म्हणते, "मग काय झालं? आमच्यातलं कुणी तर औषधाच्या बाटलीवरचंही वाचत नाही." क्लबमध्ये पोरींना शिकवून शिकवून तिची जीभ फार सुटली आहे.

मग मी घरोघर फिरले. लोक इतकं बोलले की हात दुखला लिहून. मळे बंद पडले तेव्हा रिकाम्या हातांनी करायचं काय, म्हणून चार घरांनी क्लब काढला. बायकांनी पानात मांस बांधून लाउलाउच्या पुरचुंड्या उकडून विकल्या आणि पहिली होडी आणली. ती इतकी जड, की वाळूवरून ओढायला चर्चमधली गाणारी मंडळी बोलवावी लागत. पहिल्या शर्यतीत आपली माणसं पोचली तेव्हा पंच जेवायला निघून गेले होते. त्या होडीचा रंग कोणता, यावर वेंडेल आणि मर्टल माझ्यासमोर भांडले. तो म्हणे हिरवी, ती म्हणे निळी. "तुला तर ट्रॅफिकचा दिवासुद्धा कळत नाही," असं ती त्याला म्हणाली आणि त्यानं तिला कॉफी दिली नाही.

पण सोलो गेला त्या वर्षापाशी आलं, की सगळे एकच वाक्य बोलत. "होडी उलटली, आम्ही आपापल्या जागेचे आकडे ओरडलो, सहाही आवाज आले, आणि मग सोलो दिसेना." वेंडेलनं हेच सांगितलं. त्या दिवशी होडीत असलेल्या बाकीच्या तिघांनीही हेच, शब्द न बदलता. रंगावर ज्यांचं एकमत होत नाही, त्यांना एवढं लांब वाक्य सारखं कसं पाठ? खरं सांगणारी माणसं एकमेकांना खोडून काढतात, एवढं मला पुस्तकांनी शिकवलंय. मी लिहायचं सोडून त्यांच्या हातांकडे बघायला लागले.

संशय मला नवा नाही, काइपो. सोलोला पुरल्यापासून तो माझ्यासोबत राहतोय. आधी तुझ्यावर होता. खांदा दुखतो म्हणून त्यानं वर्षानुवर्षांची सुकाणूची, अगदी मागची सहावी जागा तुला दिली आणि स्वतः तुझ्या तिसऱ्या जागेवर बसला. धक्क्यावर त्यावरून तुमचा आवाज चढलेला मी ऐकला होता. नंतर तू माझ्या दारात न येताच बेट सोडलंस. मग वेंडेलवर आला, दर शनिवारी मासे आणून देतो आणि आत येत नाही म्हणून. पण सगळ्यात जास्त संशय खुद्द तुझ्या मामावर होता. हे मी आजवर कुणापाशी बोलले नाही.

कारण डॉक्टर म्हणाले होते, होडी उलटतानाच तिची कड कानशिलावर बसली आणि शुद्ध गेली असणार. मी विचारलं, मग त्यानं आकडा कसा उच्चारला? ते खांदे उडवून म्हणाले, "नंतर लागलं असेल." नंतर म्हणजे कधी? "तीन" म्हणून ओरडण्याइतका तो धड होता, होडीला हात लावण्याइतका जवळ होता, आणि तरी गेला. सुकाणू सुटल्यापासून तो गप्प झाला होता. जेवताना भिंतीकडे बघायचा. मी विचारलं तर "काही नाही" म्हणायचा. मला वाटत आलं, त्यानं आवाज दिला, आणि मग हात सोडला. अकरा वर्षं मी त्या माणसाशी मनात भांडतेय. त्याचा फोटो मी हॉलमधून हलवून कपाटाच्या आत ठेवलाय.

गेल्या महिन्यात मर्टल नव्या पोरींना उलटलेली होडी सरळ करायला शिकवत होती. मी वाळूवर, लाटा पायांशी येत होत्या तिथे, खुर्ची टाकून बसले होते. पोरींनी भार टाकून होडीच्या बाजूची तोल राखणारी उलांडी वर उचलली, होडी पालथी झाली, एकेकीचं डोकं वर आलं आणि आकडे सुरू झाले. एक, दोन, तीन, चार, पाच, सहा. मर्टल म्हणाली, "शाबास, सगळ्या आल्या." आणि माझ्या शेजारून एक पोरगी म्हणाली, "पण आंटी, मी तर इथे आहे." तिच्या पायात काटा गेला होता, म्हणून ती उतरलीच नव्हती. होडीत पाचजणीच होत्या. त्या दिवशी दुसरी जागा तिची होती, आणि एरवी तिथे बसणारी मुलगी पाचव्या जागेवर बसवली होती. ती मुलगी सवयीनं "दोन" ओरडली, मग आठवलं तशी "पाच"ही ओरडली. पोरी पाण्यात हसून लोटपोट झाल्या. मर्टल म्हणाली, "अगं भवाने, दोन तोंडं आहेत का तुला?" मी हसले नाही. माझ्या हातातला टॉवेल पाण्यात गेला, तो मी उचललाही नाही.

तशीच ओल्या पायांनी वेंडेलकडे गेले. तो मासे साफ करत होता. चौथ्या जागेवर तो असायचा, म्हणजे तिसऱ्या जागेवरचा सोलो त्याच्या पुढे. मी विचारलं, "तीन हा आवाज पुढून आला की मागून?" त्यानं सुरी खाली ठेवली. "काइपोनं लिहिलं का तुला?" "नाही." "मग विचारू नकोस, नोहेआ." मी म्हटलं, "वेंडेल, मी पोलीस नाही. त्याची बायको आहे." तेव्हा तो बादली पालथी करून तिच्यावर बसला आणि म्हणाला, "मागून आला. आम्हाला वाटलं, लाटेनं त्याला मागे नेला असेल. आकडे पुरे झाले, म्हणून आधी होडी सरळ केली, पाणी उपसलं. बसायला गेलो तर माझ्या पुढची जागा रिकामी." त्या संध्याकाळी किनाऱ्यावर तू त्यांना सांगितलंस, सवयीनं आधी तीन, मग सहा, दोन्ही आकडे तुझेच होते. आणि त्यांनी ठरवलं, हे तिथेच पुरायचं. "पोरगा कोवळा होता. गावानं त्याला जगू दिलं नसतं. एक गेला होता, दुसरा तरी वाचवावा." मी विचारलं, "आणि मी?" तो म्हणाला, "तुला काय फरक पडणार होता? सोलो काही परत येत नव्हता." चांगला माणूस आहे तो. त्याला खरंच माहीत नव्हतं.

तुला दोष द्यायला हे लिहीत नाहीये. माफ करायलाही नाही. होडी सरळ करण्यात गेलेला वेळ त्याला शोधण्यात गेला असता तर तो वाचला असता का, मला कळत नाही, आणि कळतं असं मी खोटं सांगणार नाही. तो प्रश्न आता आपल्या दोघांचा आहे, इतकी वर्षं तू एकट्यानं वागवलास. मी लिहितेय ते एवढ्यासाठी, की त्या वर्षाची जागा मी इतिहासात कोरी सोडली आहे आणि वेंडेलच्या तोंडून ऐकलेलं मी तिथे घालणार नाही. गावापुढे ते वाचायचं की नाही, हे तू ठरव. नको म्हणालास तर पान कोरंच राहील. पण मला मात्र लिही, तुझ्या हातानं, की "तीन" तू म्हणालास. तो आवाज तुझा ठरत नाही तोवर तो सोलोचाच राहतो, आणि मला सोडून गेलेल्या नवऱ्याची मी विधवा राहते. मला बुडालेल्या नवऱ्याची विधवा व्हायचं आहे.

तुझीच, जिच्या दारात तू अजून यायचा आहेस ती,
नोहेआमामी