खांबाच्या कुठल्या बाजूने

रुवी, मस्कत
शनिवार, १४ फेब्रुवारी

तीर्थरूप भावोजींच्या चरणी भिकाजीचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग आपली लिहायची पद्धत म्हणून लिहिलं. डॉक्टरने उजवा गुडघा टेकायला मनाई केली आहे, तेव्हा एक अंग कमी धरावं.) प्रेमा आणि मी, आम्ही दोघं इथे सुखरूप आहोत. तुमचं ब्लडप्रेशर, ताईचा खांदा आणि परसातल्या कलमांचा मोहर या तिन्हींची खुशाली कळवावी. यंदा तुडतुडा फार आहे, असं इथल्या भाजीबाजारात बोलतात. बाजार ओमानचा असला तरी बातम्या रत्नागिरीच्याच असतात. फोन न करता पत्र का, असं तुम्हाला वाटेल. फोनवर तुम्ही निम्मं ऐकता आणि उरलेलं स्वतःच बोलता (हे रागाने नाही, अनुभवाने लिहितो), आणि विषय असा आहे की मधे कोणी बोललं तर तो मलाच पुन्हा सापडत नाही. मुनीरचा चुलतभाऊ परवा गावी निघाला आहे, त्याच्याबरोबर हे पत्र आणि ताईसाठी दोन किलो खजूर देतो. काही मागायचं आहे म्हणून हे लिहीत नाही. हकिगत नीट कळावी, एवढाच हेतू.

मामाने माझ्या संघाला हरवलं, असं स्वरूपने घरी सांगितलंच असेल. वाक्य लहान आहे म्हणून ते खरं वाटतं. प्रत्यक्षात प्रकरण बरंच लांब आहे, आणि ते समजायला आयर्लंडच्या लोकांपासून सुरुवात करावी लागते. मी ज्या मैदानाची देखभाल करतो (गवताला पाणी, चुन्याच्या रेघा, आणि सांडग्यांसारखे पसरलेले बूट गोळा करणं), तिथे दर शुक्रवारी दुपारी आयर्लंडचे मास्तर, नर्सा आणि इंजिनियर जमतात. त्यांचे दोन खेळ आहेत. एक त्यांचा गेलिक फुटबॉल. त्यात चेंडू हाताने उचलला तरी चालतो, त्यामुळे ज्याला फुटबॉल येतो त्याला तो येत नाही. दुसरा हर्लिंग. त्यात प्रत्येकाच्या हातात भाताच्या पळीसारखी टोकाला चपटी काठी असते आणि लहानसा कातडी चेंडू माणसाच्या कानाजवळून जातो. विटीदांडू खेळताना दोन्ही बाजूंना एकाच क्षणी राग आला, तर जे होईल ते हर्लिंग. गोलाला आडवी दांडी असते आणि दोन्ही खांब तिच्या वर उंच गेलेले असतात. दांडीखालून चेंडू गेला तर तीन गुण, दोन खांबांच्या मधून दांडीवरून गेला तर एक. खांबाच्या बाहेरून गेला तर काही नाही. हे शेवटचं लक्षात ठेवा.

हर्लिंगचे चाहते फुटबॉलच्या चाहत्यांकडे असे बघतात, जसं आपलं भजनी मंडळ ऑर्केस्ट्राकडे बघतं. फुटबॉलवाल्यांचं म्हणणं, काठीशिवाय ज्यांना हिंमत नाही ते हर्लिंग खेळतात. दोन्ही बाजू एकाच बाकावर, एकाच डब्यातली बिस्किटं खात हे बोलतात. मी दोघांनाही मान डोलावतो. या मान डोलावण्यामुळेच माझी तटस्थ म्हणून ख्याती झाली आणि मला झेंडेवाला पंच केलं. पांढरा कोट घालून एका खांबाशी उभं राहायचं, गोल झाला तर हिरवा झेंडा, एक गुण झाला तर पांढरा, बाहेर गेला तर दोन्ही हात पसरायचे. दुसऱ्या खांबाशी मुनीर. तो मूळ हर्णैचा, अल मवालेहच्या बाजारात त्याचा कांद्याचा आणि संत्र्यांचा घाऊक व्यवसाय आहे. मध्यंतरासाठी संत्री घेऊन येतो म्हणता म्हणता त्यालाही कोट मिळाला. (त्याचा कोट मागून फाटका आहे, म्हणून तो मैदानाकडे पाठ करत नाही. पंच म्हणून हा गुणच ठरला.)

आता लीगचा नियम. संघ तीन: मस्कत, सोहार आणि दुक्म. ज्या दिवशी दोन संघ भेटतात त्या दिवशी दोन्ही खेळ होतात, विजयाला दोन, बरोबरीला एक, आणि दोन्ही खेळांची बेरीज एकाच तक्त्यात. बेरीज सारखी झाली तर ज्याने जास्त फरकाने मारलं तो वर. कागदावर हे सुंदर दिसतं. पण मस्कतमध्ये जे लहानपणापासून हर्लिंग खेळलेत असे अकरा जण आहेत. दुक्म मस्कतहून साडेपाचशे किलोमीटर, वाळवंट ओलांडून. तिथे रिफायनरी, बंदर आणि कॅम्पातले पुरुष. सातांचा संघ भरायला त्यांना तीन आयरिश इंजिनियर, एक फिलिपिनो क्रेनवाला, एक केरळी सेफ्टी ऑफिसर, सूरचा एक ओमानी पोरगा आणि आपला स्वरूप गोळा करावा लागला. सात जणांत हर्लिंगच्या काठ्या चार. कबड्डीमुळे स्वरूपला उडी आणि पकड आहे, तेव्हा फुटबॉलमध्ये दुक्मने सगळ्यांना धूळ चारली. हर्लिंगमध्ये मात्र एकेका सामन्यात चौदा-पंधरा गुणांनी मार खाल्ला. शेवटच्या भेटीआधी मस्कत आणि दुक्म बरोबरीत होते. पण फरकाच्या खात्यात दुक्म इतकं खोल गेलं होतं, की बेरीज सारखी राहिली तर चषक मस्कतचा हे ठरलेलंच होतं.

म्हणून दुक्मने अर्ज केला की दोन खेळांचे दोन तक्ते करा. जानेवारीत सभा झाली. हर्लिंगवाले म्हणाले, वेगळा तक्ता केला तर दुक्म काठी हातातच धरणार नाही आणि परदेशात हा खेळ मरेल. फुटबॉलवाले म्हणाले, मरणाऱ्याला वाचवण्यासाठी दुसऱ्याचा गळा दाबायचा का? दोघांचंही मला पटलं, हीच माझी जन्माची अडचण आहे. मतं पडली सहा विरुद्ध सहा. तेव्हा लीगच्या सेक्रेटरी शिवॉनबाई (शाळेत गणित शिकवतात, नावाचं स्पेलिंग मात्र गणितात बसत नाही) माझ्याकडे वळून म्हणाल्या, “भिकाजी, इथे एकट्या तुलाच काही घेणंदेणं नाही. तूच सांग.”

मी उभं राहून कबूल केलं की दुक्मचा स्वरूप हा माझ्या सख्ख्या बहिणीचा मुलगा आहे.

“आमच्याकडे ज्यांचा भाचा संघात आहे ते सगळे वगळले,” शिवॉनबाई म्हणाल्या, “तर झेंडा धरायला माणूस उरणार नाही. बोल.”

मी बोललो की डाव अर्ध्यावर आल्यावर नियम बदलणं बरं दिसत नाही. यंदा आहे तसंच राहू दे, पुढच्या वर्षी दोन तक्ते करा. टाळ्या पडल्या. सोहारच्या एका म्हाताऱ्याने माझा हात हातात घेऊन न्याय, न्याय असं दोनदा म्हटलं. मला फार बरं वाटलं, हे लपवत नाही. घरी आल्यावर प्रेमा म्हणाली, “ज्याला जे येत नाही त्याचेच मार्क कापायचे, हा न्याय कुठला? आणि गप्प बसता येत नव्हतं का तुम्हाला?” स्वरूपचा फोन आला तो वेगळाच. तो रागावला नाही. “ठीक आहे मामा. मग आम्ही हर्लिंग शिकतो,” एवढंच म्हणाला.

आणि ते शिकले, भावोजी. दोन आठवडे शिफ्ट संपली की कॅम्पामागच्या पत्र्याच्या भिंतीवर चेंडू मारत बसायचे. मोडलेल्या तीन काठ्यांना स्वरूपने वर्कशॉपमध्ये पत्र्याच्या पट्ट्या ठोकून त्या चालत्या केल्या. तेवीस जानेवारीला हे सातजण पहाटे निघून, रस्त्यात उंटांसाठी दोनदा थांबून मस्कतला आले. फुटबॉल त्यांनी जिंकला. मग हर्लिंग. बरोबरी जरी झाली असती तरी चषक त्यांचा होता. आजवर त्यांना हर्लिंगमध्ये बरोबरी हा शब्दही कोणी लावला नव्हता. शेवटच्या मिनिटाला दुक्म एका गुणाने मागे, फक्त एका. मस्कतचे चाहतेसुद्धा उभे राहून दुक्मच्या नावाने ओरडत होते. प्रेमा तर बाकावर चढली होती. चेंडू स्वरूपकडे आला. त्याने हातावर उडवला, काठी फिरवली आणि चेंडू सरळ माझ्या खांबाच्या डोक्यावरून गेला.

मुनीरने पांढरा झेंडा वर केला. मी दोन्ही हात पसरले.

रेफरी धावत आला. “खांब कोणाचा?” त्याने विचारलं.

“माझा,” मी म्हणालो. “एक वीत बाहेरून गेला.”

“भिकाजीशेठ, अहो काय बोलताय!” मुनीर मराठीत ओरडला. “आतून गेला! तुमचा पोर आहे तो!”

“म्हणूनच सांगतोय,” मी म्हणालो.

(हे दोन शब्द मी का बोललो, ते त्या वेळी मला फार चांगलं कारण वाटलं होतं.) खांब माझा म्हणून माझा शब्द धरला गेला. शिट्टी झाली. दुक्म एका गुणाने हरलं. सोहारचा तो म्हातारा पुन्हा हात हातात घ्यायला आला. स्वरूप काठीवर टेकून माझ्याकडे बघत उभा होता, आणि मग वळून गाडीत जाऊन बसला. प्रेमाने त्या सात जणांसाठी चिकन आणि वडे केले होते. ते शेवटी मैदानावरच्या पाणी मारणाऱ्या पोरांनी खाल्ले आणि फार स्तुती केली.

तेव्हा माझं म्हणणं इतकंच की मी जे केलं ते नियमाला धरून केलं. तुम्ही तालुक्याला तीस वर्षं कबड्डीचे सामने खेळवलेत, रेषेवरचा पाय तुमच्याइतका कोणाला कळणार नाही. ताईला नमस्कार, धाकट्या पूर्वाला आशीर्वाद. खांद्याला तेल कोमट करून लावत जावं. इकडे सर्व क्षेम आहे, निदान मैदानाचं गवत तरी.

तुमचा,
भिकाजी

ता. क. मागायचं काही नाही असं वर लिहिलं, ते खोडलं तर कागद वाईट दिसेल म्हणून तसंच ठेवतो. तीन आठवडे झाले, स्वरूप मस्कतला आला तरी घरी येत नाही. प्रेमा त्याच्या वाटणीची भाकरी करते आणि माझ्या ताटात वाढते. तुमचा शब्द तो मानतो. तेव्हा मामाचा निर्णय बरोबर होता, असं तुम्ही एकदा त्याला सांगावं.

ता. क. दुसरा. मुनीर आता खजूर घेऊन आला होता. जाताना दारात म्हणाला की खरं सांगू का, चेंडू कुठून गेला ते त्याने पाहिलंच नव्हतं. पोर माझा, म्हणून मला बरं वाटावं यासाठी त्याने झेंडा वर केला. मी त्याला परत आत बोलावून चहा दिला. भावोजी, मीही पाहिलं नव्हतं. मी त्या वेळी बाकांकडे बघत होतो. भाच्याला झुकतं माप देतो का, हे कोण कोण बघतंय ते मी बघत होतो. वीतभर अंतर मी नंतर मनाने घातलं. हे ताईला वाचून दाखवू नये.

ता. क. तिसरा. पाकीट चिकटवायच्या आधी मीच स्वरूपला फोन लावला. त्याने उचलला. विचारलं, चेंडू आत होता की बाहेर? तो म्हणाला, “बाहेरच होता, मामा. काठीवरून सुटला तेव्हाच कळलं मला. राग त्याचा नाही आला. मी मारायच्या आधी तुमच्याकडे बघितलं, आणि तुम्ही बघत नव्हतात.” पुढे म्हणाला की शुक्रवारी जेवायला येतो. तो आल्यावर त्याच्याशी काय बोलायचं, ते मात्र तुम्ही मला लवकर कळवावं. या वेळी फोन केलात तरी चालेल, मी मधे बोलणार नाही.