रिकामी सोडलेली जागा

५ फेब्रुवारी, हळ्ळीखेड (बी)
आजपासून नोकरी! निवृत्तीनंतर पुन्हा टेबल, खुर्ची, खिडकीबाहेर हरभऱ्याचं शेत. काम गोड आहे. गावच्या घराण्यांच्या संगणकातल्या नोंदींत सुनांची माहेरची नावं काढून सासरची घालायची. माहेरची मी ‘’. लग्नात यांनी ताटातल्या तांदळात अंगठीनं लिहिलं ते ‘’. मी शिकवायचे त्या कॉन्व्हेंटच्या सिस्टर मात्र शेवटपर्यंत जुन्याच नावानं हाक मारत. ऑफिस सांभाळणारे शरणप्पा म्हणाले, हितं कविता शिकवायच्या न्हाईत. झाडलोट करणाऱ्या ‘’ने आपल्या डब्यातली भाकरी पुढं केली. तिचं एकटीचंच बोलणं मऊ. ही रोजनिशी नोंदींच्याच फोल्डरात ठेवते.

७ फेब्रुवारी
हातानं नावं बदलण्यापेक्षा स्क्रिप्ट लिहिली. सेड म्हणजे शब्द शोधून बदलणारी आज्ञा; तिच्या एका ओळीत दोन व्हेरिएबल, जुनं नाव आणि नवं नाव. फोल्डरातली प्रत्येक फाइल ती बदलणार. काही बदलेना. शरणप्पा सगळ्यांसमोर हसले. ओळ एकेरी अवतरणात होती, तिथं व्हेरिएबलच्या जागी खरं नाव येत नाही. दुहेरी अवतरण दिलं आणि सुना भराभर सासरी गेल्या. झाडणारी बाईही गावची सून, पण तिला लग्नात दुसरं नाव मिळालंच नव्हतं. तिचं जुनं नाव टाकलं, नव्याची जागा रिकामी सोडली. रिकामं म्हणजे जसंच्या तसं, असं मला वाटलं.

८ फेब्रुवारी
झाडायला राजूबाई आली नाही. शरणप्पा म्हणाले, असली बाई हितं कधी नव्हतीच. तिच्या घरी गेले. नवरा रामकिशन चुलीपुढं एकटा. "माझं लगीनच झालं न्हाई, अक्का. कामून थट्टा करायलाव?" मागं दोरीवर तिचं लुगडं वाळत होतं.
परतून रोजनिशी उघडली. तिचं नाव लिहिलं होतं तिथं मोकळी जागा.

९ फेब्रुवारी
उलटं करून पाहिलं. जुनं रिकामं, नवं राजूबाई. ओळ चालेना. रिकाम्याला शोधणार कुठं —
शरणप्पांना सगळं सांगितलं. ते चिडले. "नाव पुसून माणूस जातंय व्हय? थांबा, तुमचंच पुसतो." माझं सासरचं नाव टाकलं, पुढं काही नाही. एंटर. मग मान वर केली.
"कोन पायजे, बाई?"

१० फेब्रुवारी
लेकीला फोन लावला. श्रीलक्ष्मी म्हणाली, तिला आई नाही, कधी नव्हती. तिनं फोन ठेवून दिला.
तांदळातलं नाव आठवत नाही. अंगठी आठवते —

११ फेब्रुवारी
शरणप्पा जेवायला गेले तेवढ्यात आत आलेय. स्क्रिप्ट पुसायची — सिस्टर हाक मारत ते नाव तेवढं उरलंय, ‘’, ‘’, विसरू नये म्हणून —
परतले. शेजारच्या संगणकावर बसलेत. विचारतायत, नोंदींत हे नाव कुणाचं, कुठल्याच घराण्यातलं न्हाई — मी म्हटलं माझं, माझं आहे — बघतसुद्धा नाहीत — जुनं नाव टाकलं — नव्याची जागा रिक